नाव झाकलं ते कुणाचं

बायको गेली आणि मी गिरणी बंद केली. गावातले म्हणाले, चालू ठेवा, मन रमंल. मन रमायला पिठाची गिरणी म्हणजे काय तमाशाचा फड आहे? पट्टा चढवायचा, दगडाला टाकी लावायची, एवढंच मला येत होतं. दळण घेऊन आलेल्या बायांशी बोलायचं खातं तिचं. ती गेल्यावर बाया डबा टेकवून गप उभ्या राहायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. ते बघणं मला सोसलं नाही. कुलूप घातलं.

मी शिकलो चौथी. इथं जे लिहितोय त्यात चुका असतील, त्या असू द्या. गिरणीच्या आवाजात जन्म गेल्यामुळं मला हळू बोलता येत नाही, आणि गोड तर मुळीच येत नाही.

मुलगा गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्या विट्याकडं घरटी एखाददुसरा त्या कामाला देशभर पांगलेला असतो, तसा हा तमिळ मुलखात. सून सांगलीत राहायची. तिथल्या एका बी.एड. कॉलेजात, म्हणजे मास्तर होणाऱ्यांच्या कॉलेजात, ती शिकवायला होती. नोकरी कच्ची, दर वर्षी नव्यानं करार. सासूचं तेरावं झाल्यावर माझी पिशवी तिनंच भरली.

"चला मामा."

"कुठं?"

"सांगलीला. हितं भिंतीसंगं बोलत बसणार हाय का?"

सांगलीत येऊनही आम्ही भिंतीशीच बोलत होतो म्हणा. दोघांना एकाच माणसाची आठवण यायची आणि दोघंही भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच बोलायचो.

शतक संपायला आलं होतं. पेपरात रोज दोन हजार सालाचं काहीबाही यायचं. दर रविवारी घरमालकांकडं मुलाचा फोन यायचा. दिवाळीनंतर एकदा त्यानं सुनेला सरळ सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत नोकरी पक्की झाली तर राहा तिथं. नाही झाली तर आवरून इकडं ये, किती दिवस एकेकटं काढायचं? त्याचंही चुकत नव्हतं. मग फोन माझ्याकडं आला. म्हणाला, "आबा, तुमचं बी बघू तवा." बघू! मी काय जुनं कपाट आहे?

म्हणजे तिची नोकरी पक्की झाली तर घर राहणार, नाही झाली तर मोडणार. आणि तिची नोकरी टांगली होती एका फळ्याला.

तो फळा असा. ज्या संस्थेचं हे कॉलेज, तिचंच दुसरं कॉलेज साताऱ्याला. दोन्हीकडं नवे कॉम्प्युटर आलेले. चेअरमनच्या डोक्यात आलं की दोन्हीकडच्या मुलांनी कॉम्प्युटरवर लिहून एकमेकांशी चर्चा करायची. सांगलीत लिहिलेलं संध्याकाळी टेलिफोनच्या तारेतनं साताऱ्याला जाणार, तिकडचं उत्तर सकाळी इकडं दिसणार. त्याला चर्चाफलक असं भारी नाव दिलं. नारळ फोडला, कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलं. चेअरमन सुनेला म्हणाले, "मॅडम, हा फलक चालवून दाखवा. तुमच्या पक्क्या ऑर्डरचं मी बघतो."

फळा काही चालला नाही. पहिला विषय होता, वर्गात न बोलणाऱ्या मुलाला बोलतं कसं करावं. मान म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी पहिल्यांदा लिहिलं, हातभर. त्याखाली झाडून सगळ्यांनी लिहिलं, आदरणीय सरांच्या मताशी मी सहमत आहे. साताऱ्याहून आलं तेही तेच.

जेवताना तिनं मला सांगितलं. मी म्हणालो, "मग झाली की चर्चा. एकमतानं."

"मामा, ही चर्चा हाय व्हय? मयताला आल्यागत एकजण बोलला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या."

मयत हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि ती ताटावरनं उठली. ताट मीच झाकून ठेवलं.

पुण्याच्या एका शिबिरात तिला कामाची एक रीत शिकवली होती. एखादी गोष्ट लोकांसाठी करायची तर आधी लोकांशेजारी जाऊन बसायचं. ते काय करतात ते बघायचं, शिकवायचं नाही. त्यांचं नेमकं कुठं अडतंय ते एका वाक्यात मांडायचं. मग कच्चं काहीतरी करून त्यांच्या हातात द्यायचं, मोडलं की परत दुसरं करायचं. मी म्हणालो, "हे शिकायला पुण्याला जावं लागतं?" ती म्हणाली, "म्हाईत सगळ्यांना असतं मामा. करत कोण न्हाई."

ती साताऱ्याच्या मुलांना बघायला निघाली तेव्हा मीही एस.टी.त चढलो. घरी बसून तरी काय करणार होतो?

साताऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली म्हणजे देव्हारा. चपला बाहेर, आत गारठा, मशिनांवर कापडी झगे. आम्ही मागं बाकावर बसलो. मराठी टायपिंग येणारा एकच पोरगा मशिनपुढं, आणि बाकीची पोरं-पोरी त्याच्या पाठीमागं थव्यानं उभी. हातात चिठ्ठ्या. चिठ्ठी त्याच्याकडं द्यायची, तो वाचणार आणि टाइप करणार. सगळे त्याच्या खांद्यावरनं पडदा वाचणार.

खंडाळ्याकडच्या एका मुलीनं चिठ्ठी दिली. त्यानं ती मोठ्यानंच वाचली. लिहिलं होतं, मी शाळेत बोलत नव्हते कारण मास्तर माझ्या बोलण्याला हसायचे. मागं खसखस पिकली. पोरग्यानं टाइप काय केलं? आदरणीय सरांच्या मताशी मी सहमत आहे, शिक्षकांनी प्रेमळ असावे.

मला राहवलं नाही. "आरं गड्या, तिनं हे कुठं लिवलंय?"

"आजोबा, असंच लिहितात. ते बरं दिसत नाही फलकावर."

"कुणाला बरं दिसत न्हाई?"

ती मुलगीच मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आजोबा. लिवलं त्येनं ते बरोबर हाय." आणि मान खाली घालून थव्यात मागं सरकली.

बाहेर आल्यावर सुनेनं माझी बिनपाण्यानं केली. "बघायला आलोय मामा, बोलायला न्हाई. तुमी तिला सगळ्यांच्या डोळ्यांत आणलंत." मी म्हणालो, तुझ्या बघण्यानं काय होणार आहे? येताना कराडपर्यंत आम्ही बोललो नाही.

सांगलीतही तीच तऱ्हा होती. आमच्याकडची माणसं चारचौघांत मोठ्या माणसाच्या पुढं तोंड घालत नाहीत, आणि तोंड घातलंच तर आपली बोली घरी ठेवून घालतात. सुनेनं मुलांना एकेकटं गाठून विचारलं, काय केलं तर लिहाल? जो तो म्हणाला, नाव दिसत नसंल तर लिहू. मग तिनं मशिनं भिंतीकडं तोंड करून मांडली, म्हणजे मागं कुणाला उभं राहता येऊ नये. टायपिंग ज्याचं त्यानं करायचं, चुकलं तर चुकू दे. प्रिन्सिपॉलसाहेबांना हात जोडून सांगितलं, तुम्ही सगळ्यात शेवटी लिहा. आणि फळ्यावरची नावं काढून टाकली.

फळा बोलायला लागला. ती संध्याकाळी यायची ती दारातूनच सांगत. कुणी लिहिलं, मला वेगळ्या बाकावर बसवायचे म्हणून मी मुका होतो. कुणी लिहिलं, बोललो की छडी, नाही बोललो तरी छडी. मी स्टोव्हवर चहा टाकायचा आणि ऐकायचं. बायको गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा दोन माणसांचा आवाज आला. मी मनात म्हणालो, झाली पक्की हिची नोकरी. राहिलं आपलं घर.

मग एका सकाळी फळ्यावर आलं, आमच्याकडं टँकर आला की शाळा रिकामी होती, पोरांवर ओरडू नगा, हंडा कुणी धरायचा? नाव नव्हतं. पण अख्ख्या कॉलेजात जतच्या पलीकडची मुलगी एकच. घरी निम्मं कानडी बोलायची, वडील मेंढरं राखायचे. टँकर हा शब्द वाचूनच सांगलीतल्या सगळ्यांना कळलं कोण ते.

दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर आलं. आधी टँकरखाली अंघोळ करून ये, मग मास्तरीण हो. त्याखाली आणखी एकाचं, मेंढरांना हजेरीची सवय असते, शाळा चांगली चालंल. उत्तरं साताऱ्यानंही वाचली. हसणारे हसले. ती मुलगी वसतिगृहावर गेली, पेटी बांधली आणि दुपारच्या गाडीनं गावाकडं निघून गेली.

सून घरी आली ती पायरीवरच बसली. मी म्हणालो, "कोण हाय त्यो भाडखाव? सांग मला, तंगडं मोडतो."

"म्हाईत न्हाई मामा. म्हाईत होऊ नये अशीच सोय केली मी."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी फळा बंद ठेवायला सांगितलं होतं. चेअरमनच्या कानावर जायच्या आत मिटवा, म्हणाले. मुलगी परत आली नाही तर तिचं वर्ष गेलं. फळा परत सुरू झाला नाही तर सुनेची ऑर्डर गेली. मला दोन्ही कळत होतं, पण खोटं कशाला लिहू, मला आधी सुनेची ऑर्डर आठवली.

ती म्हणाली, "मी जतला जाते."

"चल, मी येतो. आणि मी तोंड उघडणार न्हाई."

जतच्या पुढं रस्ता म्हणजे नुसती खडी. गावात गेलो तेव्हा टँकर येऊन गेला होता, जमीन तेवढ्यापुरती ओली. मुलीची आई बाभळीखाली कोकरू पाजत होती. आम्हाला बघून तिनं घोंगडं टाकलं, बकरीच्या दुधाचा चहा दिला. मुलगी घरातनं बाहेर येईना. मायलेकी दारातनं एकमेकींशी कानडीत बोलायला लागल्या, भराभरा. आई रागावलेली होती एवढंच मला कळलं. कुणावर, ते नाही कळलं. ती दुपार मी नुसता मान वळवत बसलो, मुक्या माणसासारखा. दोन शब्द कळतात म्हणेपर्यंत त्या पुढं गेलेल्या असायच्या.

शेवटी मुलगी आली आणि उंबऱ्यावर बसली. सून म्हणाली, "माझं चुकलं. नावं काढायला नको होती."

"मॅडम, नाव झाकलं ते कुणाचं? माझं झाकलं का? मला सगळ्यांनी वळखलं. झाकलं ते त्येचं."

सून घोंगड्यावरनं उठून उंबऱ्याजवळ जाऊन बसली आणि तिनं विचारलं, "मग कसं असतं तर तू लिहिलं असतंस? मला पटवू नको, तुला वाटतं ते सांग."

मुलगी मातीत काडीनं रेघा ओढत होती. म्हणाली, "आमी मेंढरं घिऊन लांब जातो तवा वाडा असतोय मॅडम. चारपाच घरांचा. रातीला तेवढीच माणसं. तिथं समदी बोलत्यात, पोरं बी. जत्रंत कोण बोलतंय? जत्रंत आमी गप असतो. तुमचा फळा म्हंजे जत्रा हाय."

"चारपाच जणांत येशील?"

"चारपाच कोण, ते बघून."

आई कानडीत काहीतरी म्हणाली आणि हसली. मी विचारलं, काय म्हणाली? मुलगी म्हणाली, "आजोबांना चहा आवडला न्हाई वाटतं, म्हणती." माझा कप भरलेला तसाच होता. मी एका घोटात संपवला.

पुढच्या रविवारी सुनेनं आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या, पाच. प्रत्येक दोरीला पाच मुलांचे कागद चिमट्यानं लावायचे, नावासकट. एका दोरीवरचं दुसऱ्या दोरीनं वाचायचं नाही. हा झाला तिचा कच्चा फळा. सांगलीची मुलं आली. साताऱ्याची चार मुलं घरचं काम म्हणून सांगून एस.टी.नं आली, त्यांत ती खंडाळ्याकडची मुलगी होती. वारा सुटला की चिमटे उडायचे. मी म्हणालो, "हे काय टिकायचं न्हाई."

"टिकवायचं न्हाईच हाय मामा. मोडायसाठीच केलंय."

"मोडायचं तर करता कशाला?"

"कॉम्प्युटरवर करून मोडलं तर वर्ष जाईल. दोरी तोडायला काय लागतंय?"

आणि ते मोडलंच की. पहिल्या फेरीत एका दोरीवर कुणी काही लिहिना, कारण पाचांत एक लेक्चररांचा पुतण्या होता. दोऱ्या बदलल्या. दुसऱ्या फेरीत सुनेनं विषय काढून टाकला आणि म्हणाली, आधी एवढंच लिहा की सकाळी कॉलेजात कसे येता. सायकल, एस.टी., वसतिगृह, दूध घालून मग यायचं. त्यावर चिमटे कमी पडायला लागले. एकमेकांचं वाचून मुलं आपापल्या दोरीशी हसायला लागली, पण कुणाला नाही, कुणाबरोबर तरी. जतची मुलगी त्या दिवशी आली नव्हती. तिची जागा सुनेनं रिकामी ठेवली होती; तिथं एक कोरा कागद चिमट्याला लावलेला.

नंतरच्या आठवड्यात ती आली. पाचांत ती, खंडाळ्याची, आणि आणखी तिघं. तिनं आपल्याच बोलीत लिहिलं आणि कुणी सुधारलं नाही. टोमणा मारणारा कोण होता ते मात्र शेवटपर्यंत निघालं नाही. तोही कुठल्या तरी पाचांत असणारच. सुनेला त्या विचारानं झोप नव्हती. म्हणायची, तो आता तिथं नावानं गोड बोलत असंल मामा, आणि मला कधी कळणार न्हाई.

दोऱ्यांवर जमलं तेच पाच-पाच सुनेनं प्रिन्सिपॉलसाहेबांना पटवून कॉम्प्युटरवर बसवलं, सांगलीची-साताऱ्याची मुलं मिसळून. फळा चालला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मार्चपर्यंत मुलं लिहीत होती.

मार्च संपताना चेअरमन पुण्यामुंबईचे पाहुणे घेऊन फळा बघायला आले. सुनेनं घरी येऊन सांगितलं ते असं.

"त्यांनी विचारलं, कुठं हाय चर्चा? मी म्हणाले, पाच-पाच जणांत चाललीय सर, बाहेरच्यांनी वाचायची न्हाई असं मुलांशी ठरलंय. तर म्हणाले, मॅडम, पाहुण्यांना काय दाखवू? एक तरी उघडा. मी म्हणाले, मुलांना विचारावं लागंल. मुलांना विचारायचं! असं म्हणून हसले. मग प्रिन्सिपॉलसाहेबांनी घाईनं एक उघडलंच. जतच्या मुलीचं. चेअरमननी मोठ्यानं वाचलं, पाहुण्यांपुढं, तिच्या बोलीची नक्कल करत. म्हणाले, हे असलं खेडवळ साताऱ्याला पाठवताय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, सर, हा फळा असाय की मोठ्या माणसानं शेवटी बोलायचं. तुम्ही आधी बोललात."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तिच्या सासूनं हे ऐकलं असतं तर दृष्ट काढली असती. मी म्हणालो, "शाबास. आन आता नोकरी गेली."

"व्हय," ती म्हणाली.

गेलीच. पुढच्या वर्षाचा करारही झाला नाही. फळ्यावर एप्रिलातच नवीन माणूस आला, त्यानं पाच-पाच मोडून सगळं एक केलं, वर प्रिन्सिपॉलसाहेबांचं नाव आलं आणि खाली सगळे सहमत झाले. हे मला कॉलेजच्या शिपायानं मंडईत सांगितलं. मी सुनेला सांगितलं नाही. जतची मुलगी पास झाली. तेवढंच.

जूनमध्ये मुलगा न्यायला आला. मिरजेला स्टेशनवर तो मला म्हणाला, "आबा, तुमी बी चला की." सून तर चार दिवस मागं लागली होती. मी म्हणालो, तिकडं जाऊन कुणाशी बोलू? जतला एका दुपारी मुका होतो, ते बास झालं मला. मुलानं परत विचारलं नाही. सुनेनं विचारलं, गाडी लागली तरी विचारत होती. मी तिला म्हणालो, "पोरी, जा. मी गिरणी उघडतो." ते खोटं होतं, तिलाही कळलं.

ती डब्यात चढली. मुलगा सामान उचलायला वाकला तेव्हा मी त्याचा दंड धरला.

"गाडीत तिच्याशेजारी बस. वर्षभर तिनं काय केलं ते इचार. आन ती सांगत असंल तवा मधी बोलू नगो."

"काय केलं?"

"मला नगो इचारू, तिला इचार."

"आबा, गाडी सुटंल."

"सुटू दे. इचारशील का?"

"व्हय व्हय," म्हणाला आणि चढला.

गाडी हलली. ती खिडकीशी बसली होती, तोंड माझ्याकडं. तो तिच्या पाठीमागं उभा राहून पेट्या वर लावत होता, एक पेटी बसेना म्हणून परत खाली घेत होता. मी गाडीबरोबर थोडा चाललो, फलाट संपला तिथं थांबलो. तो खाली बसला का, आणि त्यानं विचारलं का, हे मला तिथनं दिसलं नाही.